मैना म्हशीचं चित्र

शुक्रवार उजाडला की मालनबाईला सणासारखं वाटतं. आता हा सण पुरणपोळीचा नव्हे बरं का. हा सण शेणाचा, धुळीचा, टेम्पोच्या हॉर्नचा आणि हेड्यांच्या, म्हणजे जनावरांच्या दलालांच्या, कलकलाटाचा. घोडेगावचा जनावरांचा बाजार म्हटलं की लांबलांबची माणसं म्हशीचं नाव काढतात. गुरुवारी दुपारपासूनच टेम्पो लागायला सुरुवात होते आणि शुक्रवारी सकाळी फाटकातून आत शिरायचं म्हणजे एकतर म्हशीला वाट द्यावी लागते, नाहीतर म्हैस आपली वाट करून घेते.

त्या फाटकाजवळ लिंबाखाली पत्र्याची एक टपरी आहे. तिथं राधाकृष्ण चहा उकळतो आणि त्याची बायको मालन म्हशींची चित्रं काढते. हसू नका, खरंच काढते. एका बाजूला गॅसची शेगडी, बरण्यांत खारी आणि टोस्ट, आणि दुसऱ्या बाजूला फळीवर रंगपेटी, ब्रश आणि पाण्याचे दोन पेले. एक स्वच्छ पाण्याचा, एक ब्रश धुवायचा. पेले अर्थातच चहाचेच. एकदा एका हेड्यानं बोलण्याच्या नादात ब्रश धुतलेलं पाणी उचलून तोंडाला लावलं, चांगला मोठा घोट घेतला आणि म्हणाला, "राधाकृष्ण, आज पावडर कमी पडली व्हय रं?" तेव्हापासून राधाकृष्णानं ब्रशच्या पेल्याला लाल दोरा बांधून ठेवलाय.

मालन मूळची मिरजगावची. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढं लग्न, पुढं टपरी, पुढं लेक स्नेहल. चित्रं काढायची तिला लहानपणापासून खाज होती, पण रांगोळी आणि पोळ्याला भिंतीवर गेरूनं काढलेले बैल यापलीकडं तिला कुणी काही काढू दिलं नव्हतं, आणि तिनंही मागितलं नव्हतं. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या त्या स्नेहलनं. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, मग बाईसाहेब नर्सिंगला गेल्या आणि रंगपेटी माळ्यावर गेली. तिचं लग्न होऊन ती श्रीरामपूरला नांदायला गेल्यावर एका दिवाळीच्या साफसफाईत मालनच्या हाताला ती पेटी लागली. ट्यूबा वाळून खडा झालेल्या. टाकून द्यायच्या म्हणून उचलल्या आणि सहज चाळा म्हणून एक निळी ट्यूब विळीवर उभी चिरली, आतला खडा वाटीतल्या पाण्यात टाकला.

तो निळा रंग पाण्यात उतरायला लागला, सावकाश, तळाकडं, आणि मालन तिथंच फरशीवर बसली. तिला हलवेना. आतून असा काही आनंद झाला की तो कुणाला सांगावा तेच कळेना. चुलीवरची वांग्याची भाजी करपली, शेजारीण वास आला म्हणून विचारायला आली, तरी बाईचं लक्ष वाटीत. त्या दिवशी राधाकृष्णानं करपलेली भाजी मुकाट्यानं खाल्ली आणि विचारलं, "काय झालंय काय तुला?" ती म्हणाली, "काही न्हाई. निळा बघितला."

आता रंग झाले, कागदाचं काय? तर गावात लग्नपत्रिकांना काय तोटा. प्रत्येक घरात खुंटीच्या पिशवीत ढीगभर. जाड, एका बाजूनं कोऱ्या. चकचकीत पत्रिकेवर रंग ठरत नाही, घरंगळतो, हे तिला दोन दिवसांत कळलं. खरबरीत पत्रिका असली की मात्र कागद पाणी पितो आणि रंग धरतो. तेव्हापासून मालन लग्नाला गेली की नवरी कशी आहे हे नंतर बघते, आधी पत्रिकेवर बोट फिरवून बघते. पुढं स्नेहलनं जाड ड्रॉइंग पेपरचे गठ्ठे आणून दिले तरी ही सवय काही सुटली नाही.

आणि म्हशीच का? त्याचं असं झालं. आपल्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणारा आपलं नवं दावं आणतो, जुनं दावं विकणारा सोडवून घरी नेतो. गोठ्याची बरकत जनावरामागं जाऊ नये म्हणून. त्यामुळं बाजार उठायला लागला की टपरीवर असे कितीतरी गडी येतात, ज्यांच्या खांद्यावर नुसतं दावं असतं. असाच एक जण एकदा आला. बैल विकलेला. चहा पुढ्यात घेऊन बसला आणि प्यायचंच विसरला, वर साय धरली. बैल अजून समोर नव्या मालकाच्या टेम्पोशेजारी उभा होता. मालनच्या हातात पत्रिका होती, ब्रश होता. तिनं तो बैल काढला, पत्रिका मधोमध दुमडून कार्डासारखी केली आणि त्याच्यापुढं धरली.  त्यानं डोक्यावरची टोपी काढली, कार्ड टोपीत घातलं आणि टोपी परत डोक्यावर ठेवून निघून गेला. चहाही प्यायला नाही आणि चहाचे पैसेही दिले नाहीत. राधाकृष्ण आजही त्या पैशांची आठवण काढतो, पण हसत.

तिथून जे सुरू झालं ते झालंच. शुक्रवारी लोक म्हैस विकून आले की विचारायचे, "वहिनी, आमचीचं बी काढता का?" मालन एका पायावर तयार. आता स्नेहलच्या कागदावर बाहेर चित्र, आत कोरं. आत ज्याला जे ठेवायचं ते तो ठेवतो. कुणी शेपटीचे चार केस दोऱ्यानं बांधून चिकटवतो, कुणी गळ्यातला मणी. घरोघरी दाव्याच्या खुंटीशेजारी आता ही कार्डं दिसतात. राधाकृष्ण गिऱ्हाइकांपुढं तक्रार करतो, "चहा आमचा प्या, गुन हिचे गा." पण हिच्या उजेडात कुणी टेम्पो आडवा लावला, की हाच चिमटा हातात घेऊन त्याला हाकलायला धावतो.

म्हशीचा काळा रंग तिला सहजासहजी सापडला नाही. आधी तिनं पेटीतला काळा फासला. म्हैस डांबराची दिसायला लागली. फेकून दिली. मग एका थंडीतल्या सकाळी, ऊन नुकतं तिरपं आलेलं, समोर एक भादरलेली म्हैस उभी होती आणि मालनला दिसलं की हिच्या पाठीवर तर आभाळ आहे. निळं. आणि पोटाखाली मातीचा उजेड आहे, विटकरी. मग काळं कुठाय? कुठंच नाही. तिनं निळा आणि विटकरी एकत्र कालवला. तो जो काळा तयार झाला तो जिवंत होता, त्यात खोली होती, तो ओलसर होता. "अहो, इकडं या. अहो, लवकर या," ती ओरडली. राधाकृष्ण पातेलं सोडून धावला, दूध उतू गेलं, आणि येऊन बघतो तर बायको एका काळ्या ठिपक्याकडं बोट दाखवून नाचायची तेवढी बाकी. त्यानं ठिपका बघितला. "काळा हाय," म्हणाला. "तुम्हाला न्हाई कळायचं," ती म्हणाली आणि दिवसभर तिची कळी खुललेली होती.

तर अशा या मालनबाईकडं परवाच्या पौषातल्या एका शुक्रवारी बजरंगतात्या आले. चांद्याच्या रस्त्याला यांची वस्ती. साठी कधीच ओलांडलेला, वाळका, हळू बोलणारा माणूस. बरोबर मैना नावाची दुभती म्हैस. तिची वगार, म्हणजे लेक, मोठी झालेली, ती भाच्याकडं दिलेली. मैना नुकतीच भादरलेली, तेल चोपडलेली, शिंगं काचेनं साळून गुळगुळीत केलेली. बेलापूरकडच्या आसाराम नावाच्या शेतकऱ्यानं ती घेतली होती, त्याचा टेम्पो भरायला थोडा वेळ होता.

"बाई, एक काम हाय," तात्या म्हणाले. "आमचं मानूस घरी हाय. बनुबाई. तिच्या गुडघ्यांनी दगा दिलाय. मला बी आता शेनघान होत न्हाई. पोरगा, रविराज, नगरला हाय, तो म्हनतो दोघं बी इकडं या. समदं ठरलं. पर ही म्हनती, मैनीला न्ह्या, माझं काही म्हननं न्हाई, पर तिचं चितर आना. चितर आलं तर मी नगरला यीन. न्हाईतर मी हितंच, रिकाम्या गोठ्यात बसून ऱ्हाईन." तात्यांनी खांद्यावरचं दावं सारखं केलं. "आनि ती म्हनली की करती, बाई."

एवढं मोठं काम मालनकडं कधी कुणी आणलं नव्हतं. एका बाईचं शहरात जाणं न जाणं तिच्या ब्रशवर.  तिनं ठेवणीतला जाड कागद काढला, पाणी बदललं, राधाकृष्णाला सांगितलं, आता माझ्याशी बोलायचं नाही. आणि काय सांगावं, त्या दिवशी हात असा चालला की तिचा तिलाच पत्ता नव्हता. पाठीवरचं ते निळं आभाळ, तेलाची चमक, शिंगांची ती गोल धार, ओलं नाक. आसारामचा टेम्पो निघायच्या आत कार्ड तयार. गिऱ्हाइकं चहा सोडून बघायला गोळा झाली. तात्यांनी बघितलं, मान हलवली, जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाले, "झ्याक झालंय." आणि कार्ड धोतराच्या सोग्यात गुंडाळून गेले.

मालन दोन दिवस हवेत. तिनं स्नेहलला फोनवर ते चित्र शिंगापासून शेपटीपर्यंत वर्णन करून सांगितलं. रविवारी तात्यांचा फोन आला तेव्हा हात पुसत पुसत तिनं धावत जाऊन उचलला.

"काय म्हणाल्या मावशी?"

तिकडं तात्या घसा साफ करत राहिले. मग म्हणाले, "बाई, ती म्हनती, ही आपली न्हाई."

"म्हणजे?"

"म्हनती, कुना दुसऱ्याची म्हस हाय. ती नगरला येत न्हाई म्हनती."

मालनला जे लागलं ते लागलं. कुणी म्हटलं असतं, चित्र वाईट आहे, तर तिनं हसून सोडून दिलं असतं. पण आपली न्हाई? तिनं समोर उभी करून, डोळ्यांत तेल घालून काढलेली म्हैस? ती घरात धुसफुसत फिरली, भांडी आपटली, जेवली नाही. राधाकृष्ण समजूत घालायला गेला, "अगं, म्हस ती म्हसच. समद्या सारख्याच की. म्हातारीला काय कळतं."

"व्हय का? मग बायका पन सारख्याच," मालन म्हणाली. "उद्यापासून शेजारच्या घरी जाऊन जेवा."

सोमवारी सकाळी राधाकृष्णानं निमूटपणं मोटारसायकल काढली. मागं मालन, मांडीवर पिशवी, पिशवीत रंगपेटी.

वस्तीवर पोचले तेव्हा बनुबाई पडवीच्या कडेला उन्हात पाय लांब करून बसल्या होत्या. रुंद चेहऱ्याची, भक्कम हाडाची म्हातारी. दारात दोन गाठोडी अर्धवट बांधून तशीच सोडलेली. बाजूला गोठा, रिकामा, झाडून लख्ख केलेला. तात्या ह्या दोघांना बघून असे दचकले जणू तलाठी जप्तीला आलाय. "तुमी कशाला तरास घेतला," असं काहीतरी पुटपुटत ते पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

बनुबाईंनी कोनाड्याकडं हात केला. कार्ड तिथं भिंतीकडं तोंड करून उभं होतं.

"बाई, तुमच्या हाताला नाव ठेवत न्हाई मी," त्या म्हणाल्या. "म्हस चांगलीच काढलीया. ज्याची आसल त्याला लई आवडंल. पर आमची न्हाई."

"मावशी, तात्यांनी माझ्यापुढं उभी केली होती."

"तात्यांनी दुसरीच दावली आसल. त्यांचं ध्यान नसतं."

आतून तांब्या पडल्याचा आवाज आला.

"बरं मग कशी होती तुमची? तुम्ही सांगा," मालन म्हणाली. तिचा राग कुठं गेला होता कुणास ठाऊक, आता तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

बनुबाई विचारात पडल्या. "आता म्हस कशी आसती? म्हशीवानी."

राधाकृष्ण फिस्सकन हसला. मालननं त्याच्याकडं असं बघितलं की त्याला लगेच मोटारसायकलचं काहीतरी तपासायचं आठवलं.

"रंग कसा होता? काळीच ना?"

"काळी?" बनुबाई एकदम चिडल्या. "काळी कुठली? ह्या चितरातली काळी हाय. आमची मैनी भुरी. उनात बसली की वरनं काकवी वतल्यावानी दिसायची. आनि क्येस तर ह्ये एवढाले. पाठीवरनं हात फिरीवला की बोटं आत जायाची."

मालन ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केस. बाजारात मैनेच्या अंगावर केस होतेच कुठं? आणि मैनेच्याच का, तिनं आजवर जेवढ्या म्हशी काढल्या त्या सगळ्या भादरलेल्या, तेल लावून नटवलेल्या, बाजारात दाखवायच्या. घरी असणारी म्हैस तिनं कधी नीट, जवळून बघितलीच नव्हती, तिच्या दारात कधी म्हैस नव्हतीच. आजवर कुणा गड्यानं तक्रार केली नाही, ती कशी करणार? भादरून आणणारे तेच. ह्या शोधानं ती इतकी हरखली की पुढचामागचा विचार न करता बोलून गेली.

"मावशी, तुमचीच आहे ती. बाजारात तिला भादरलं होतं. म्हणून काळी दिसतेय."

 बनुबाईंनी दाराकडं बघितलं. दारात तात्या तांब्या घेऊन उभे होते आणि त्यांना पुढंही येववेना, मागंही जाववेना.

"जरासं मशीन लावलं," तात्या म्हणाले. "हेड्या म्हनला, गिऱ्हाईक बघत न्हाई तशीला."

"पौषात?" बनुबाई म्हणाल्या. एवढंच. मग जरा वेळानं, "मी सांगितलं हुतं तुमाला. थंडीचं दिस हाइत, तिच्या अंगाला हात लावू द्यायचा न्हाई. तुमी व्हय म्हनला हुता." आणि त्यांनी गाठोड्यांकडं पाठ फिरवली. "जावा तुमी एकलंच नगरला. मी न्हाई येत."

झालं. मालनला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आली होती म्हातारीचं मन वळवायला आणि दोघांत काडी टाकून बसली. तात्यांनी चित्र बघताना जास्तच वेळ का लावला, फोनवर घसा का साफ करत होते, सगळं आता तिच्या ध्यानात आलं. गुपचूप निघून जावं हेच बरं होतं. राधाकृष्णानं तर गाडीला चावी लावलीसुद्धा.

पण खरं सांगायचं तर अशा अवघड घडीलाही तिच्या डोक्यात काकवीच फिरत होती. उन्हातली काकवी. ती कशी करायची? विटकरीत पिवळा? का तपकिरीत? तिचे हात शिवशिवायला लागले आणि त्याला ती तरी काय करणार. ती उठली, गोठ्याच्या दारात जाऊन फतकल मारून बसली, पेटी उघडली आणि हाक मारली, "मावशी, एक वाटी पाणी द्या की."

पाणी मागितल्यावर नाही म्हणायची आपल्याकडं रीत नाही. बनुबाई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, वाटी घेऊन आल्या. तोवर मालननं झाकणात रंग कालवला होता.

"ही बघा. अशी?"

बनुबाईंना बघायचं नव्हतं, पण त्यांनी बघितलं. "पातळ झाली. काकवी आसती का एवढी पातळ?"

मालननं विटकरी वाढवला. "आता?"

"आता जळली."

पिवळ्याचा एक थेंब. "आता?"

"हां." बनुबाई खाली वाकल्या. "हां, आता उतरवा. हीच. ही पाठीवरची. पोटाखाली मातूर गडद हुती, तिथं काळसर."

मालनला कागदावर उडी मारावीशी वाटत होती, पण तिनं स्वतःला आवरलं. "मावशी, तुम्ही धारेला कुठं बसायच्या?"

बनुबाईंनी जागा दाखवली आणि दाखवता दाखवता सवयीनं तिथं बसल्याच, कुडाला टेकून, उकिडवं होता येत नव्हतं म्हणून पाटावर. मालन त्यांच्या शेजारी सरकली, अगदी खांद्याला खांदा लागेल अशी, आणि त्या जिथून बघायच्या तिथून बघायला लागली. इथून शिंगांची गोल धार दिसलीच नसती. इथून दिसला असता नुसता पोटाचा मोठा फुगीर डोंगर आणि त्यामागून वळलेलं तोंड.

"मान कुठं असायची?"

"मागं. सदानकदा मागं. चरवी किती भरली ते बघायची, हिशेबनीस मेली. भरत आली की पाय उचलायची, बास झालं म्हनून."

मालन खुदकन हसली आणि ब्रश कागदाला लावला. आधी पाण्यानं कागद ओला केला आणि काकवी त्यात सोडली. रंग पसरला, कडा मऊ झाल्या, पोट उन्हात बसलेल्या म्हशीसारखं फुगलं. मग खालून निळा आणि विटकरी. मग झडलेल्या जुन्या ब्रशनं, रंग निपटून, कोरडेच फटकारे. केस. एकेक केस उभा राहायला लागला तशी बनुबाईंची बोटं आपोआप मांडीवर हलायला लागली. "तिथं उलटं. खांद्यापाशी क्येस उलटं जायाचं." मालननं उलटं केलं. "डोळा मोठा झाला. एवढी भोळी नव्हती ती." मालननं डोळा बारीक केला. चित्र काढताना एवढी मजा तिला आयुष्यात आली नव्हती. दोघी जणी मिळून एक म्हैस घडवत होत्या आणि एकीला ब्रश धरता येत होता, दुसरीला म्हैस ठाऊक होती.

लांब कुडाशी उभे राहिलेले तात्या हळूच म्हणाले, "डावा कान फाटलेला हाय."

"तुमाला कुनी इचारलं?" बनुबाई मागं न बघता म्हणाल्या. मग मालनला म्हणाल्या, "फाटलाय ते खरं हाय. काढा." आणखी थोड्या वेळानं, तशाच पाठमोऱ्या, "कुठं फाटलाय ते नीट सांगा की तिला, आलाच हाय मधी तर."

तात्या पुढं आले, वाकले आणि कागदाला न लावता बोटानं कान दाखवला. मालननं तो फाडला.

कागद वाळायला उन्हात धरला. मालननं तो दुमडून कार्ड केलं आणि बनुबाईंच्या हातात दिलं, आणि तिची छाती अशी धडधडत होती की स्नेहलच्या परीक्षेच्या निकालालाही तशी धडधडली नव्हती. बनुबाईंनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं.  राधाकृष्णसुद्धा गाडी सोडून येऊन उभा राहिला होता.

मग बनुबाईंनी तळहात उघडून चित्राच्या पोटावर ठेवला, हलकेच दाबला आणि म्हणाल्या, "सर गं. सर तिकडं. बसू दे."

रोज सकाळी धारेला बसताना म्हणायच्या ते. आपण बोललो हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. मालनला हसू येत होतं. तिला इतका आनंद झाला होता की त्याला कुठं ठेवावं कळेना, म्हणून ती ब्रश धुवायला लागली आणि धुतलेलाच ब्रश परत परत धुत बसली. तात्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि उन्हाला शिव्या दिल्या.

"रविराजला फोन लावा," बनुबाई म्हणाल्या. "गाडी घिऊन ये म्हनावं. मी येती." तात्या फोन शोधायला आत वळले तशी त्यांनी थांबवलं. "आनि ते पयलं चितर काढा हिकडं. कोनाड्यातलं."

"ते कशाला, मावशी?" मालन म्हणाली. "ते मी फाडून टाकते. माझं चुकलंच."

"फाडताय काय. ती बी मैनीच हाय. आता ती त्यांच्याकडं तशीच आसल, उघडी." त्यांनी पहिलं कार्ड हातात घेतलं, ह्या खेपेला नीट बघितलं, आणि पदरानं पुसलं. "घेनारा कोन? आसाराम ना? तुमच्याकडं येतो का तो?"

"दर शुक्रवारी," राधाकृष्ण म्हणाला. "माझ्याकडंच चहा घेतो."

"मग त्याच्या बायकूला हे धाडा. आत रिकामं हाय ना? लिवा. मला लिवता येत न्हाई, तुमी लिवा. मी सांगती."

मालननं पिशवीतून पेन काढलं, कार्ड मांडीवर उघडलं. इतकी कार्डं तिनं लोकांना दिली होती, पण आत काही लिहायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. तिनं अक्षर शाळेत काढायची तसं जपून काढायला सुरुवात केली.

"लिवा. बाई, थंडी सरेस्तोवर तिच्या पाठीवर पोतं टाकत जा. दोन पोती एकात एक शिवून घ्या, एक पुरत न्हाई. क्येस आले की मग नका टाकू, तिला गरम व्हतं." बनुबाई थांबल्या. मालनचं पेन त्यांना गाठेपर्यंत थांबल्या. "डाव्या अंगानं बसा. उजव्या अंगानं बसलं की लाथ मारती. सरकीची ढेप कोरडी घालू नका, भिजवून घाला. धारेला बसलं की बोलत ऱ्हावा तिच्याशी, काय बी बोला, नवऱ्याच्या तक्रारी सांगितल्या तरी चालंल. गप बसलं की पान्हा चोरती."

तात्या दारात फोन हातात धरून ऐकत होते. फोनमधून रविराज "हॅलो, हॅलो" करत होता.

"झालं लिवून?"

"झालं. खाली नाव काय घालू, मावशी? बनुबाई एवढंच, का आडनावासकट?"

बनुबाईंनी मांडीवरच्या भुऱ्या मैनेकडं बघितलं. थोडा वेळ त्यांचा हात तिच्या पाठीवरून फिरत राहिला.

"नाव नका घालू," त्या म्हणाल्या. "त्या बाईनं गोठ्यात मोठ्यानं वाचलं आन् माझं नाव मैनीनं ऐकलं, तर खायाची न्हाई ती."